गावचं घर विकताना एजंटशी झालेली तोंडी बोली : दलाली नक्की कधी लागू होते?

आगरातली

गुहागर तालुक्यातलं आमचं घर आणि मागचं नारळी-पोफळीचं आगर विकायचं ठरलं. साठेखत (विक्रीचा आधीचा करार) झालं आहे, खरेदीखत (विक्रीचा अंतिम दस्त) व्हायचं आहे, आणि आता दलालीवरून वाद उभा राहिला आहे. इथे बऱ्याच जणांनी गावची घरं विकली आहेत, काही जण स्वतः हा व्यवसाय करतात, म्हणून सविस्तर लिहिते.

सातबाऱ्यावर तीन नावं आहेत. बाबा, धाकटे काका आणि चिपळूणची आत्या. गणपती आणि शिमगा सोडला तर घर बंदच असतं. गेल्या गणपतीत गावातले एक एजंट दर्शनाला आले होते. उठताना बाबांना म्हणाले, "नाना, घर काढायचं मनात असेल तर सांगा. माझ्याकडे पार्टी आहेत." बाबा म्हणाले, "आण चांगली पार्टी. तुझं काय ते होऊन जाईल." एवढीच बोली. टक्का किती, कधी द्यायचा, कुणी द्यायचा, काही नाही. एजंटांचं म्हणणं असं की नंतर फोनवर त्यांनी "दोन टक्के घेतो" असं सांगितलं आणि बाबा "हो हो" म्हणाले. बाबांना तसं काही आठवत नाही. ते ७९ वर्षांचे आहेत, आणि फोनवर समोरचा बोलत असला की "हो हो" म्हणत राहायची त्यांची सवय घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

दिवाळीनंतर एजंटांनी पुण्याचं एक जोडपं आणलं. घर उघडून दाखवलं, आगरातून फिरवलं. आमची अपेक्षा ६० लाखांची होती, ते ४८ च्या वर येईनात. बोलणं तिथेच थांबलं. पुढे एजंटांचा ना फोन, ना निरोप. शिमग्यानंतर काकांच्या पुण्यातल्या एका स्नेह्यांनी गिऱ्हाईक सुचवलं. घर बघायला आले तेव्हा कळलं की हे तेच जोडपं. स्नेह्यांनी मध्ये पडून दोन्हीकडच्यांना समजावलं आणि ५७ लाखांवर ठरलं.

खरेदीदारांच्या वकिलांनी पेपरात जाहीर नोटीस दिली. त्यावर एजंटांनी वकिलामार्फत हरकत पाठवली. २ टक्के म्हणजे १ लाख १४ हजार रुपये मिळाल्याशिवाय व्यवहार होऊ देणार नाही, फेरफारालाही (सातबाऱ्यावर नवं नाव चढवायच्या नोंदीलाही) हरकत घेणार. शिवाय मागच्या दाराची किल्ली आणि आजोबांचं मूळ खरेदीखत त्यांच्याकडे आहे. बाबांनी ते झेरॉक्स काढायला दिलं होतं. आता ते म्हणतात, "आधी माझा हिशेब, मग कागद."

त्यांना काहीच देऊ नये असं मला वाटत नाही. पार्टीने घर पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्यामुळे. पण ९ लाखांचं अंतर मिटवलं ते त्यांनी नाही. अशा वेळी किती देणं रास्त, आणि कायदा काय म्हणतो?

रत्नांग्रीकर

पार्टी त्यांनीच आणली ना? मग दलाली त्यांची. काकांचे स्नेही मध्ये आले म्हणून पहिल्या माणसाचे कष्ट फुकट जात नाहीत.

सुपारीबाग

मला नाही पटत. सहा-सहा महिने तोंड न दाखवणारा माणूस व्यवहार ठरल्यावर बरोबर हजर होतो. तोंडी बोलीला कोर्टात काडीची किंमत नाही. एक रुपया देऊ नका आणि कागद अडवल्याबद्दल सरळ पोलिसात जा.

दिवाणी_दावा

मी चिपळूणला वकिली करते. सुपारीबाग, तुमचा राग समजतो, पण तोंडी कराराला किंमत नाही हा फार पसरलेला गैरसमज आहे आणि त्यावर विसंबून लोक नुकसान करून घेतात. आपला करार कायदा १८७२ चा. कलम १० च्या अटी पुऱ्या होत असतील तर तोंडी करारही करारच असतो. एजंटाच्या बाबतीत तर कायदा आणखी मोकळा आहे. कलम १८७ प्रमाणे एजंटाला अधिकार तोंडी देता येतो, लेखी देता येतो, आणि दोघांच्या वागण्यावरूनही तो दिला असं धरता येतं. जमीन-घराची खरेदी मात्र नोंदणी केलेल्या दस्तानेच होते. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात. घर विकण्याचा करार एक आणि घर विकून द्यायला मदत करणाऱ्याशी झालेली बोली दुसरी.

आता तुमचं प्रकरण. "तुझं काय ते होऊन जाईल" यातून मोबदला द्यायचा होता एवढं नक्की दिसतं, किती ते दिसत नाही. ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो कलम २९ खाली रद्दबातल ठरतो. पण एवढ्यावर एजंट रिकाम्या हाताने जात नाही. कलम ७० म्हणतं की एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीर काम केलं, फुकट करायचा इरादा नव्हता, आणि दुसऱ्याने त्याचा फायदा घेतला, तर भरपाई द्यावी लागते. कोर्ट मग त्या भागातला प्रघात आणि प्रत्यक्ष केलेलं काम बघून वाजवी रक्कम ठरवू शकतं.

पैसे कधी देय होतात याचं उत्तर कलम २१९ मध्ये आहे. वेगळं काही ठरलेलं नसेल तर सोपवलेलं काम पुरं होईपर्यंत एजंटाचा मोबदला देय होत नाही. म्हणजे खरेदीखत होण्याआधी "आत्ताच द्या" हा त्यांचा आग्रह टिकणारा नाही. आणि काम त्यांनीच पुरं केलं का, हे ठरवताना कोर्ट बघतं की विक्री कुणाच्या खटपटीतून झाली. नुसतं पहिल्यांदा घर दाखवलं की पूर्ण टक्का पिकला असं होत नाही. तसंच मालकाने दुसऱ्या दाराने त्याच पार्टीशी जमवून घेतलं की एजंट आपोआप बाद, असंही नाही. तुमच्याकडे बोलणं खरोखर मोडलं होतं, मध्ये बरेच महिने गेले, आणि नवा मध्यस्थ आला. या तिन्ही गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. पार्टी तीच, ही त्यांच्या बाजूची.

कागदांबद्दल जरा जपून. कलम २२१ सहसा कुणाला माहीत नसतं. एजंटाच्या हाती कामानिमित्त आलेले मालकाचे कागद किंवा वस्तू, त्याच कामाचं कमिशन आणि खर्च मिळेपर्यंत त्याला ठेवून घेता येतात, उलट काही ठरलं नसेल तर. देणंच नसेल तर हा हक्क उरत नाही, पण "चोरी झाली" म्हणून पोलिसात गेलात तर ते दिवाणी बाब म्हणून परत पाठवण्याचीच शक्यता जास्त. आत्या आणि काकांनी त्यांना काही सांगितलं होतं का?

आगरातली

ताई, मनापासून आभार. आत्या त्यांना कधी भेटलीही नाही. काकांनी एकदा फोनवर "दादाशी बोला" एवढंच सांगितलं. फेरफाराला खरंच हरकत घेता येते का? खरेदीदार बँकेचं कर्ज घेत आहेत आणि ते घाबरले आहेत.

दिवाणी_दावा

हरकत अर्ज कुणीही देऊ शकतो, प्रश्न तो टिकण्याचा. जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे फेरफाराची नोटीस निघते, हरकत आली तर तक्रारी प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि चौकशी होऊन निर्णय होतो. ती चौकशी जमिनीतल्या हक्काची असते. दलालीचं येणं हे पैशांचं येणं आहे, त्याने आगरातल्या एका माडावरही हक्क येत नाही. त्यासाठी त्यांना दिवाणी कोर्टात वसुलीचा दावा लावावा लागेल, त्याची मुदत साधारण तीन वर्षं. दुय्यम निबंधकही अशा कारणाने दस्त नोंदवायचा थांबत नाही. पण हरकतीचा अर्ज पडला की नोंद लांबते, बँक शंका काढते, खरेदीदार कच खातो, आणि हाच त्यांचा खरा दबाव आहे. खरेदीदारांच्या वकिलांना लेखी उत्तर द्या की हरकतदाराचा मिळकतीत कोणताही हक्क नाही, वाद फक्त दलालीचा आहे.

बाबांनी दिलेला शब्द काका आणि आत्यावर आपोआप बांधील नाही. सामायिक मिळकतीत एकाने बोललं आणि सगळ्यांनी भरायचं असं धरून चालणारे एजंट पुढे अडकतात.

वेंगुर्लेकार

आमच्या वेंगुर्ल्याक टक्क्याची भानगडच नाय. एजंट सरळ इचारता, "तुमका हातात किती व्हये ता सांगा, वरचा माझा." म्हातारी माणसा आकडो सांगान मोकळी होतत. घर कितीक गेला ता मागसून कळता, आणि मगे भावाभावांत भांडणा.

देवगडवाली

वेंगुर्लेकार म्हणतात तेच आमच्या मामांच्या बाबतीत झालं. मामांनी "मला ३० मिळाले की झालं" असं सांगितलं होतं. एजंट म्हणाले, "मग वरचं मी बघतो." मामांना वाटलं, वरचं म्हणजे लाख-दीड लाख. पार्टीशी त्यांची गाठ कधी घालून दिली नाही. रजिस्टर ऑफिसच्या बाहेर बाकड्यावर दस्ताचा मसुदा हातात आला तेव्हा मामांनी चष्मा लावून तो पहिल्या ओळीपासून वाचला, तर मोबदला ४१ लाख लिहिलेला. पार्टी बँकेतून पैसे देणारी होती, तिने पूर्ण रक्कम दस्तात धरलेली. एजंटांनी मामांना बाजूला घेतलं. म्हणाले, "४१ खात्यात येतील, त्यातले ११ माझ्या खात्यावर फिरवा."

मामांनी त्या दिवशी सही केली नाही. त्यांचा प्रश्न साधा होता. दस्तात ४१ दिसणार, कर ४१ वर लागणार, आणि हातात राहणार ३०. ११ लाख एजंटाला दिले याचा कागद कोण देणार? एजंट म्हणाले, बिल-बिल काही मिळणार नाही. पुढे वकिलाची नोटीस गेली, बैठक झाली, आणि शेवटी बिलावर, बँकेतून, २ टक्के दिले. घर ४१ लाखांनाच गेलं. पण त्या काही आठवड्यांत मामांची झोप उडाली होती, आणि गावात मात्र "म्हाताऱ्याने शब्द फिरवला" असं पसरलं. ते मला आजही सहन होत नाही. शब्द कुणी फिरवला? ज्याने खरा भाव लपवला त्याने.

दिवाणी_दावा

मामांनी योग्य केलं. एजंट हा मालकाचा माणूस असतो. आलेला भाव मालकाला सांगणं हे त्याचं कर्तव्य. मालकाला सगळं माहीत असताना त्याने समजून उमजून "वरचं तुझं" असं कबूल केलं असेल तर गोष्ट वेगळी. पण भाव लपवून मधला फरक खिशात घालणं हे एजंटाच्या कामातलं गैरवर्तन आहे, आणि कलम २२० प्रमाणे ज्या कामात गैरवर्तन केलं त्याचा मोबदला मागायचा हक्क एजंट गमावतो. याचाच दुसरा प्रकार कोकणात चालतो. एजंट बायकोच्या किंवा मेहुण्याच्या नावाने स्वतःच घर घेतो आणि वर्षभरात दामदुपटीने विकतो. मालकाला न सांगता असं केलं तर कलम २१५ खाली मालक व्यवहार नाकारू शकतो आणि २१६ खाली एजंटाने कमावलेला फायदा मागू शकतो. किनाऱ्यालगतच्या जागांचे भाव वाढत असताना हे विशेष लक्षात ठेवा.

कराबद्दल एक. घर विकण्यासाठी दिलेली दलाली भांडवली नफा काढताना विक्रीच्या रकमेतून वजा मिळते, पण पावती आणि बँकेतली नोंद हवी. रोखीने, पावतीशिवाय दिलेले पैसे तिथे कामाचे नाहीत.

जांभा_चिरा

मी रत्नागिरीत हेच काम करतो, म्हणून दुसरी बाजू लिहितो. वरचे दोन्ही प्रकार माझ्या डोळ्यांसमोर झालेले आहेत आणि त्यांचं समर्थन मी करणार नाही. पण "नुसतं घर दाखवलं" हे वाक्य वाचलं की वाईट वाटतं.

बंद घर दाखवायचं म्हणजे आदल्या दिवशी माणूस पाठवून दारं-खिडक्या उघडायच्या, माजघरातली जळमटं काढायची, ओल धरलेल्या खोलीला वारा लागू द्यायचा, अंगणातला पाचोळा झाडायचा, पंप चालू आहे का बघायचं. सातबारा, आठ अ, जुने फेरफार, गटाचा नकाशा, ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा, सगळं आम्हीच काढतो, कारण मालक मुंबईत. मग वाट. कोकणात पाणंदीवरून मोडलेले व्यवहार मी भावावरून मोडलेल्यांपेक्षा जास्त पाहिलेत. शेजाऱ्याच्या पडवीत बसून त्याला राजी करायचं तेही आम्ही. घर समुद्रापासून ५०० मीटरच्या आत असेल तर सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचं, समजावून सांगायचं. एवढं करून पार्टी परत जाताना मालकाचा नंबर घेते, आणि पुढच्या गणपतीत कळतं की घर गेलं. मालक रस्त्यात भेटला तर नजर चुकवतो. माझ्या वडिलांच्या वेळी शब्दावर चालायचं, कारण मालक, गिऱ्हाईक आणि दलाल तिघेही त्याच वाडीतले, रोज तोंड दिसणारे. आता मालक डोंबिवलीत, गिऱ्हाईक पुण्यात, आणि वाडीत फक्त मी.

म्हणून मी आता पार्टीला घर दाखवलं की त्याच संध्याकाळी मालकाला व्हॉट्सॲपवर पार्टीचं पूर्ण नाव, गाव आणि घर पाहिल्याची तारीख कळवतो. पार्टीचीही भेटीच्या कागदावर सही घेतो. भाव आला की आकडा जसाच्या तसा दोघांनाही कळवतो. तेव्हापासून माझे वाद जवळपास थांबले.

आगरातली ताई, तुमच्या एजंटांनी पार्टी आणली हे खरं, पण ४८ वर बोलणं अडल्यावर प्रयत्न करणं हेच आमचं काम असतं. ते त्यांनी केलं नाही. माझ्या धंद्याच्या हिशेबाने ते पूर्ण दोन टक्क्यांचे धनी नाहीत. निम्मे रास्त. आणि जाहीर नोटिशीला हरकत पाठवून खरेदीदाराला घाबरवणं मला अजिबात आवडलं नाही. त्याने आमच्या सगळ्यांचं नाव खराब होतं.

सुपारीबाग

जांभा_चिरा यांचं वाचून माझं मत बदललं. निम्म्याला माझी हरकत नाही. पण त्यांच्या कार्डावर रेरा (बिल्डरांच्या प्रकल्पांवर आणि एजंटांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) नंबर असेल तर तिथे तक्रार करता येईल ना? २०२३ पासून परीक्षा आणि प्रमाणपत्रही लागतं म्हणे.

दिवाणी_दावा

प्रशिक्षण आणि प्रमाणपत्राचं बरोबर आहे, महारेराने ते सक्तीचं केलं. पण रेरा कायद्याच्या कलम ९ मधली एजंटाची नोंदणी ही नोंदणीकृत प्रकल्पातल्या, बिल्डर विकत असलेल्या मालमत्तेसाठी आहे. गावातलं आजोबांच्या वेळचं घर आणि आगर त्यात बसत नाही. कार्डावर नंबर असला म्हणून या वादाला रेरा लागू होईल असं समजू नका.

खाडीपलीकडे

आमच्याकडे श्रीवर्धनला वेगळंच झालं. एजंटाने मुंबईचे एक डॉक्टर आणले, भाव पटला, साठेखताचा मसुदा झाला आणि मग कळलं की डॉक्टर शेतकरी नाहीत. जमीन शेतीची. कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे परवानगीशिवाय घेता येईना. व्यवहार मोडला. एजंट म्हणतो मी पार्टी आणली, भाव ठरवून दिला, माझे पैसे द्या. शिवाय त्याने डॉक्टरांकडून ५१ हजार टोकन म्हणून परस्पर रोख घेतले होते, आम्हाला न विचारता. डॉक्टर ते आमच्याकडे मागायला लागले!

दिवाणी_दावा

जी पार्टी कायद्याने घेऊच शकत नाही, ती आणली म्हणून काम पुरं होत नाही. शेतकरी दाखला आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारणं एजंटाचं काम होतं. टोकनचं म्हणाल तर घर दाखवायची तोंडी परवानगी म्हणजे पैसे स्वीकारायची परवानगी नव्हे, आणि मालकाच्या वतीने दस्तावर सही करायला तर रीतसर कुलमुखत्यारपत्रच लागतं. त्यातून स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला २०१५ पासून आयकर कायद्याने बंदी आहे. डॉक्टरांना लेखी कळवा की ही रक्कम तुम्हाला मिळालेली नाही आणि ती घ्यायचा अधिकार तुम्ही कुणाला दिला नव्हता. गप्प राहू नका, गप्प राहण्याचा अर्थ पुढे संमती असा लावला जातो.

हा वाद फक्त आपल्याकडचा आहे असंही नाही. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये अगदी असाच खटला निकाली काढला. पूर्व लंडनमधल्या फ्लॅटच्या मालकाने एजंटाशी फोनवर बोलणं केलं, २००८ साली. दर २ टक्के अधिक कर, पण दलाली कोणत्या टप्प्यावर द्यायची ते बोलण्यात आलंच नव्हतं. एजंटाने आणलेल्या संस्थेने फ्लॅट घेतले आणि मालकाने पैसे नाकारले. मधल्या कोर्टाने म्हटलं, टप्पा ठरला नाही म्हणजे करारच झाला नाही. सुप्रीम कोर्टाने ते उलटवलं. दर ठरला होता, पार्टी आणायची होती, तर पैसे त्या पार्टीने व्यवहार पुरा केल्यावर द्यायचे हे उघड आहे, करार झालाच. मात्र तिथे एजंटाने अटी वेळेवर लेखी देणं कायद्याने बंधनकारक आहे. ते न केल्यामुळे त्याच्या दलालीतला एक तृतीयांश भाग खालच्या कोर्टाने आधीच कापला होता आणि ती कपात कायम राहिली. ब्रिटनचा निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, पण आपला करार कायदाही इंग्रजांच्या काळातलाच, विचाराची वाट जवळची आहे. गावच्या घराच्या दलालीसाठी आपल्याकडे अशी लेखी अटींची सक्ती नाही, आणि माझ्या मते ती असायला हवी.

रत्नांग्रीकर

कॉल रेकॉर्डिंग असेल तर चालतं का पुरावा म्हणून?

दिवाणी_दावा

चालू शकतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. व्हॉट्सॲपचे मेसेज पुसू नका, फोन बदलला तर जुना जपून ठेवा. नुसता स्क्रीनशॉट कच्चा पुरावा ठरतो.

आगरातली

सगळ्यांचं वाचून घरी चर्चा केली. आत्याचं शेत पुढच्या वर्षी विकायला काढायचं आहे, तेव्हा तिथे हा घोळ नको म्हणून एक मेसेज तयार केला. एजंट पहिली पार्टी आणण्याआधी हा पाठवायचा आणि त्यांचं उत्तर आल्याशिवाय कुणालाही जागा दाखवू द्यायची नाही, असं घरात ठरलं. कुणाला काही सुचवायचं असेल तर सांगा.

"नमस्कार. गट क्रमांक अमुक ही मिळकत विकण्यासाठी तुम्ही पार्टी दाखवणार आहात. तुम्ही आम्हाला नावाने कळवलेल्या पार्टीशी आजपासून ६ महिन्यांत साठेखत झालं, आणि पुढे खरेदीखत पुरं झालं, तर दस्तातल्या किमतीच्या २ टक्के खरेदीखताच्या दिवशी बँकेतून देऊ, त्याची पावती तुम्ही द्याल. व्यवहार मोडला तर दलाली नाही. टोकन किंवा विसाराची रक्कम तुम्ही स्वीकारायची नाही. मूळ कागद तुमच्याकडे राहणार नाहीत. पार्टीने सांगितलेला प्रत्येक भाव आम्हाला कळवायचा. आम्ही स्वतः किंवा दुसऱ्यामार्फतही विकू शकतो. मान्य असल्यास तसं लिहून कळवा."

जांभा_चिरा

चांगला आहे, मी डोळे मिटून मान्य लिहीन. दोन गोष्टी घाला. एजंट जीएसटी नोंदणीवाला असेल तर २ टक्के जीएसटी धरून की वेगळा, ते स्पष्ट करा, १८ टक्क्यांचा फरक पडतो. दुसरं, तो पार्टीकडूनही दलाली घेणार आहे का ते विचारा. आमच्यात दोन्हीकडून घेतात, पण दोघांना माहीत असलं पाहिजे.

दिवाणी_दावा

आणि सगळ्या हिस्सेदारांची नावं घाला, मेसेज सगळ्यांच्या फोनवर एकाच ग्रुपमध्ये जाऊ दे. भावाने कबूल केलं आणि बहिणीला माहीतच नाही, यातून निघालेले दावे माझ्याकडे सतत येतात. मुदत संपली किंवा काम काढून घ्यायचं झालं तर तेही लेखी कळवा. वाजवी सूचना न देता एजन्सी काढून घेतली तर नुकसानभरपाई मागता येते, कलम २०६.

आगरातली

आमच्या प्रकरणाचं कळवते. काकांचे स्नेही, बाबा, एजंट आणि दोन्ही वकील गुहागरला एकत्र बसले. एजंटांनी दिवाळीनंतरच्या भेटीचं सगळं सांगितलं, बाबांनीही "तुझं होऊन जाईल असं मी म्हणालो होतो, ते मी नाकारत नाही" असं सगळ्यांसमोर सांगितलं. त्या वाक्याने बैठकीचा सूर बदलला. १ टक्का ठरला, ५७ हजार, त्यातच सगळं धरून. मूळ खरेदीखत आणि किल्ली त्याच दिवशी परत मिळाली. जाहीर नोटिशीवरची हरकत त्यांनी लेखी मागे घेतली, तिची प्रत खरेदीदारांच्या बँकेत दिली. पैसे खरेदीखताच्या दिवशी बाबांच्या खात्यातून गेले, पावती घेतली. काका आणि आत्याने आपापला तिसरा हिस्सा बाबांना दिला, जरी कायद्याने त्यांच्यावर बंधन नव्हतं तरी. फेरफाराची नोटीस निघाली आहे, अजून कुणाची हरकत नाही.

दिवाणी_दावा ताई आणि जांभा_चिरा, तुमच्यामुळे बाबांना पुन्हा गावात ताठ मानेने जाता आलं.

देवगडवाली

वाचून फार बरं वाटलं. तुमचा मेसेज मी आमच्या घरासाठी घेते आहे, जीएसटी आणि हिस्सेदारांच्या ओळी घालून. शनिवारी एजंट पार्टी घेऊन येतो म्हणाले होते, त्यांना थांबवलं. मोठ्या मामींचं नाव अजून सातबाऱ्यावर चढायचं आहे. आधी वारसनोंद करून घेते, मग ग्रुप करून सगळ्यांना एकदमच पाठवते.